हिमपादुका

मराठी वाङ्मयांत हिमाचें वर्णन विपुल आहे. हिमाचा अनुभव मात्र बेताचाच. हिमालय आमच्या स्तोत्रांत आहे, पुराणांत आहे, शाळकरी मुलांच्या निबंधांतहि आहे. परंतु सह्याद्रीच्या कुशींत वाढलेल्या मनुष्यासमोर 'बर्फ' हा शब्द उच्चारला, तर त्याच्या डोळ्यांपुढें उभी राहते ती लाकडाच्या भुशांत पुरलेली व गोणपाटानें झाकलेली लादी, नाहीं तर जत्रेंतला रंगीत गोळा. आकाशांतून पिंजलेल्या कापसासारखा उतरतो तोहि बर्फ, आणि तळ्यावर शिळेसारखा गोठतो तोहि बर्फच. इतक्या भिन्न प्रकृतीच्या दोन पदार्थांचें काम आपण एकाच फारशी शब्दावर भागवितों, यांत नवल नाहीं. ज्या वस्तूशीं रोजचा संबंध नाहीं तिच्यासाठीं भाषा शब्दांचा खर्च करीत नाहीं. एकोणिसाव्या शतकांत तर मुंबईचा बर्फ सुद्धां परका होता. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नांवाच्या व्यापाऱ्यानें १८३३ सालीं आपल्याकडील गोठलेल्या पाण्याचा बर्फ जहाजानें कलकत्त्यास धाडला, आणि पुढें मुंबईकरांच्या पेल्यांतहि अमेरिकेच्या ईशान्य भागांतील बर्फ किणकिणूं लागला.

तो बर्फ त्याच्या माहेरीं जाऊन पाहण्याचा योग आम्हांस २०१९ सालच्या फेब्रुवारींत आला. न्यूयॉर्क राज्याची राजधानी जी ऑल्बनी, तेथें आमचे एक कॉलेजांतील सहाध्यायी कित्येक वर्षें गणिताचें अध्यापन करीत होते. कांहीं व्याख्यानांच्या निमित्तानें आम्ही तिकडे गेलों असतां त्यांच्या घरीं आठ दिवस राहिलों. ('आम्ही' म्हणजे, मासिकांतील वहिवाटीप्रमाणें, केवळ प्रस्तुत लेखक.) न्यूयॉर्क म्हटलें कीं आपणांस गगनचुंबी इमारतींचें शहरच आठवतें, पण त्याच नांवाच्या राज्याच्या उत्तरेस ॲडिरॉन्डॅक नांवाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथें १८९२ सालीं एका विस्तीर्ण टापूस संरक्षित उद्यान ठरविण्यांत आलें, आणि १८९४ सालीं राज्याच्या घटनेंतच असें कलम घालण्यांत आलें कीं, येथील सरकारी मालकीचें अरण्य सर्वकाळ अरण्यच राहावें, तें विकूं नये व तोडूं नये. एखाद्या सरकारनें आपले हात आपणच बांधून घ्यावे याचें इतकें चांगलें उदाहरण आम्हांस दुसरें आठवत नाहीं.

या मुलखांत चार हजार फुटांहून उंच म्हणून गणलेलीं ४६ शिखरें आहेत. तीं सर्व प्रथम चढून जाण्याचा मान रॉबर्ट व जॉर्ज मार्शल हे दोन बंधु आणि त्यांचा वाटाड्या हर्बर्ट क्लार्क या तिघांकडे जातो. १९१८ सालीं आरंभिलेलें तें काम त्यांनीं १९२५ सालीं पुरें केलें. पुढें अधिक सूक्ष्म मोजणी झाली तेव्हां त्यांपैकीं चार शिखरें चार हजारांस कांहीं उणींच भरलीं; पण यादी बदलण्याचें कोणाच्या मनांत आलें नाहीं. पूर्वसूरींनीं एकत्र पायाखालीं घातलेलें शिखर केवळ फूटपट्टीच्या साक्षीवरून कमी करावयाचें नाहीं, हा त्या लोकांचा संकेत आम्हांस फार आवडला. आमच्या गणिती मित्रांस मात्र तो रुचला नाहीं. "चार हजार म्हणजे चार हजार," असें ते म्हणत.

आम्हीं जाण्याचें ठरविलें तें शिखर कॅस्केड नांवाचें. उंची ४,०९८ फूट, म्हणजे आमच्या सिंहगडाहून सुमारें दोनशें फुटांनीं बुटकेंच. रस्त्यापासून चढ दोन हजार फुटांच्या आंतला, वाट सुमारें अडीच मैलांची. हे आंकडे ऐकून आम्हांस अवसान चढलें. सिंहगड आम्हीं अनेकदां सकाळच्या चहापूर्वी चढून वर पिठलें-भाकरी खाल्ली आहे. परंतु सिंहगडाची वाट जागची हलत नाहीं. येथें ती रात्रींत नाहींशी होते. आदल्या रात्रीं फूटभर नवा बर्फ पडला होता, आणि सकाळीं पारा शून्याखालीं पंधरा अंशांवर होता.

आमचा मेळा पांचजणांचा होता. गणिती मित्र, त्यांच्या पत्नी, ज्या व्यवसायानें डॉक्टर आहेत व ज्यांस आम्ही वहिनी म्हणतों, त्यांची कॉलेजांत शिकणारी कन्या, शेजारचे एक सत्तरीच्या घरांतील अमेरिकन गृहस्थ, शाळामास्तरकींतून निवृत्त झालेले, आणि आम्ही. मास्तर हे आमचे पुढारी. त्यांनीं प्रथम काय केलें असेल, तर गाडींतून उतरतांच सर्वांस वरचे जाड डगले काढावयास लावले. आम्हांस तो क्रूरपणा वाटला. ते म्हणाले, "निघतांना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. या डोंगरावर मनुष्याचा वैरी बर्फ नव्हे, त्याचा स्वतःचा घाम. चढतांना भिजलेला कपडा थांबल्यावर अंगांतली ऊब पिऊन टाकतो." याच कारणासाठीं सुती कपडा तेथें वर्ज्य मानतात, लोकर भिजली तरी कांहीं ऊब राखते, सूत राखीत नाहीं.

मग आमच्या पायांत त्यांनीं 'स्नोशू' बांधले. यांना आम्ही हिमपादुका म्हणूं. त्यांची मूळ विद्या उत्तर अमेरिकेंतील आदिवासींची. ॲश नांवाच्या झाडाचें चिवट लांकूड वांकवून चौकट करावयाची, आणि तिच्यांत कच्च्या कातड्याच्या वादीची जाळी आपल्याकडील बाजेप्रमाणें विणावयाची, अशी जुनी रीत. प्रदेशाप्रमाणें घाट निराळा: दाट झाडींतून वळणें घेत जाणाऱ्यांची गोल, अस्वलाच्या पंजासारखी, उघड्या मैदानांत लांब मजल मारणाऱ्यांची निमुळती, शेपटीची. आतांच्या हिमपादुकांस ॲल्युमिनियमची चौकट, प्लॅस्टिकचा पडदा आणि तळाशीं लोखंडी दांते असतात. पण तत्त्व तेंच. आमच्या मित्रांनीं तें लगेच गणितांत सांगितलें. बुटाच्या तळव्याचें क्षेत्रफळ धरा तीस चौरस इंच, हिमपादुकेचें दोनशें. मनुष्याचें वजन तितकेंच राहतें, परंतु प्रत्येक चौरस इंचावर येणारा भार सहा-सात पटींनीं हलका होतो. बर्फाला तुमचें वजन कळत नाहीं; त्याला कळतो तो भार कसा वांटला आहे एवढेंच.

हें वाक्य ते विनोदानें बोलून गेले. परंतु त्या दिवशीं पुढें जें घडलें त्यामुळें तें आमच्या मनांत घर करून बसलें आहे.

हिमपादुका बांधल्या म्हणजे मनुष्य बर्फावरून हंसासारखा तरंगत जातो अशी आमची समजूत होती. तसें होत नाहीं. ताज्या भुसभुशीत बर्फांत पाय नडगीपर्यंत रुततोच. मांडीपर्यंत रुतत नाहीं इतकाच काय तो लाभ. मात्र पहिल्याच्या पावलाखालीं बर्फ दाबला जातो, दुसऱ्याच्या पावलाखालीं तो आणखी बसतो, आणि चौथ्या-पांचव्याला मळलेली पायवाट मिळते. म्हणून पहिल्याचे श्रम सर्वांत अधिक. यास ते लोक वाट फोडणें म्हणतात. शें-दीडशें पावलें झालीं कीं पुढचा मनुष्य बाजूस सरून उभा राहतो, बाकीचे त्याच्यावरून पुढें जातात, आणि तो मागाहून शेवटीं येऊन मिळतो. कोणी कोणास सांगावें लागत नाहीं. पालखीचे भोई चालतां चालतां खांदा बदलतात तसा हा प्रकार. आमच्या मित्रांची कन्या पुढें होती तोंपर्यंत आम्हीं झाडें पाहिलीं. आमची पाळी आली तेव्हां आम्हांस आमच्या छातीच्या ठोक्याशिवाय कांहीं दिसेना. "काका, हळू, धांवायचें नाहीं," असें ती मागून म्हणत होती. वास्तविक आम्ही धांवत नव्हतों. धापा तेवढ्या टाकीत होतों.

या वाटेसंबंधीं तेथें एक शिष्टाचार आहे, व ॲडिरॉन्डॅकच्या उंच डोंगरांच्या भागांत तर तो कायदाच आहे. आठ इंच किंवा अधिक बर्फ असतां पायांत हिमपादुका अथवा स्की असल्याच पाहिजेत. आम्हांस प्रथम वाटलें कीं हा नियम चालणाऱ्याच्या रक्षणासाठीं असावा. ज्यास रुतावयाचें असेल त्यानें रुतावें, सरकारचें काय जातें? मास्तरांनीं खुलासा केला. हिमपादुकांवांचून चालणारा मनुष्य पावलोपावलीं मांडीएवढाले खड्डे करीत जातो. रात्रीं ते खड्डे गोठून दगडासारखे होतात, आणि दुसऱ्या दिवशीं मागून येणाऱ्याचा पाय त्यांत मुरगळतो किंवा मोडतो. म्हणजे आपण कसें चाललों याचा हिशेब आपल्या नव्हे, तर मागून येणाऱ्याच्या पायांनीं चुकता होतो. नीतिशास्त्राच्या वर्गांत हें तत्त्व मुलांस पटवून देतांना मोठमोठे विद्वान दमतात. येथें तें आठ इंच बर्फानें सिद्ध होतें.

आरंभीं अरण्य पानगळीच्या वृक्षांचें होतें. त्यांत पांढऱ्या सालीचे बर्च पाहून आम्हांस आप्त भेटल्यासारखें झालें. कारण आपला भूर्जवृक्ष याच कुळांतला, आणि सालीचे तसेच कागदासारखे पापुद्रे सुटलेले. वर चढत गेलों तसे ते विरळ होऊन फर आणि स्प्रूस यांची गर्दी झाली. त्यांच्या खालच्या फांद्या बर्फाच्या ओझ्यानें जमिनीस टेकल्या होत्या. एका ठिकाणीं वाट ओलांडून सशाचीं पावलें गेलीं होतीं. त्या सशाचे मागचे पाय इतके रुंद व केसाळ असतात कीं, इंग्रजींत त्याचें नांवच हिमपादुकेवरून पडलें आहे. हिवाळ्यांत तो पांढराहि होतो. मनुष्यानें पुष्कळ प्रयासानें जी विद्या साधिली ती या प्राण्यास जन्मतःच मिळालेली.

चढ वाढला तसे गणिती मित्र रंगांत आले. त्यांची पाळी येई तेव्हां ते बाजूस सरण्याचें नांव घेईनात. "पाहुण्याला दमवायचें नाहीं," असें आम्हांस म्हणाले. मास्तरांस वयाचा दाखला दिला. पत्नीस व कन्येस नुसतें हंसून दाखविलें. शेवटच्या मैलांतील निम्मी वाट त्या एकट्यानें फोडली. शेजारच्या पोर्टर शिखराकडे जाणारा फांटा आला तेव्हां आम्ही चौघे ताजेतवाने होतों, आणि त्यांच्या टोपीखालून वाफ निघत होती.

तेथून कॅस्केडचें माथें सुमारें पाव मैल. झाडें खुजीं होत होत संपतात आणि उघडा खडक लागतो. झाडींतून बाहेर पडतांच वाऱ्यानें आम्हांस असें गांठलें कीं बोलणें खुंटलें. परंतु आकाश निरभ्र होतें. समोर माथ्याचा खडक, त्याच्यावर वाऱ्यानें कोरलेला बर्फ, आणि दूर दक्षिणेकडे मार्सी, त्या मुलखांतलें सर्वांत उंच शिखर, ५,३४४ फुटांचें. वीस मिनिटांत आम्ही माथ्यावर उभे राहिलों असतों.

खडकावर चढण्यापूर्वी पट्टे आवळून घ्यावे म्हणून सर्व थांबलों. मित्रहि वांकले. मास्तर त्यांच्याकडे पाहत होते. त्यांनीं पट्टा दोनदां धरला आणि दोनदां तो त्यांच्या बोटांतून सुटला. वहिनींनीं त्यांस कांहीं विचारलें. उत्तर आलें तें जड जिभेनें व तुसडेपणानें, आणि हा गृहस्थ स्वभावानें तुसडा मुळींच नाहीं. वहिनींनीं त्यांचे हातमोजे काढले. आंतून ते घामानें भिजले होते, आणि बोटांचीं टोकें मेणासारखीं पांढरीं पडलीं होतीं.

मास्तर शांतपणें म्हणाले, "आपण परत फिरूं."

मित्रांस तें लागलें. ते आम्हांस म्हणाले, "अरे, तूं पुण्याहून आलास. जा ना वर. मी झाडांत थांबतों. अर्ध्या तासाचा तर प्रश्न."

येथें आम्हांस कबूल केलें पाहिजे कीं ही सूचना आम्हांस क्षणभर गोड वाटली. माथें डोळ्यांसमोर होतें, पाय ताजे होते, आणि पुन्हां या वयांत कोण येतो? पण मास्तरांनीं तो प्रश्न एका वाक्यांत मिटविला: "थांबलेल्या मनुष्याला थंडी गांठते, चालणाऱ्याला नाहीं. एकट्यानें थांबणें हेंच येथें वर्ज्य आहे." वहिनींनीं आपल्या पिशवींतील कोरडे मोजे काढले, मुलीनें आपली वरची लोकरी बंडी दिली, मास्तरांनीं गरम चहाची बाटली पुढें केली, आणि आम्हीं आमच्या सामानांतला तिळगूळ दिला. भिजलेलें कापड उतरवून कोरडें चढविलें, त्यांचे हात वहिनींनीं आपल्या कांखेंत धरले, आणि आम्ही सर्व खालीं वळलों. माथ्याकडे कोणी फिरून पाहिलें कीं नाहीं हें सांगतां येत नाहीं, आम्हीं पाहिलें.

उतरतांना आम्हांस महाप्रस्थानिक पर्व आठवत होतें. हिमांतून चालत जाणाऱ्या सोबत्यांची कथा आमच्या संस्कृतींत हीच सर्वांत थोर. पांडव व द्रौपदी हिमवंत ओलांडून जात आहेत. प्रथम द्रौपदी पडते, मग सहदेव, नकुल, अर्जुन, आणि शेवटीं भीम. प्रत्येक वेळीं भीम कारण विचारतो, आणि युधिष्ठिर मागें न पाहतां ज्याचा त्याचा दोष सांगून पुढें चालूं लागतो. लहानपणीं आम्हांस हें वैराग्य अत्युच्च वाटे. त्या दिवशीं मात्र आम्हांस त्यांतील एक गोष्ट खटकली. जो पडतो तो स्वतःच्या दोषामुळेंच पडतो, हें खरें कशावरून? आमच्यांतला जो पडूं लागला होता तो अशासाठीं कीं, त्यानें आमच्या वांट्याची वाट फोडली होती. त्याचा घाम तो आमचे श्रम होते. आम्ही ताजे होतों तें त्याच्या भिजण्याच्या मोलानें. मग त्याला झाडाखालीं ठेवून माथ्यावर जाणें म्हणजे उसनें घेतलेल्या बळावर मिरवणें झालें असतें. परत फिरण्यांत कोणी त्यागाचा आव आणावा असें कांहीं नव्हतें. तो केवळ हिशेब होता.

व्यासांविषयीं अन्याय होऊं नये म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्यांनीं कथा तेथें संपविली नाहीं. स्वर्गाच्या दारांत एका कुत्र्यासाठीं अडून बसणारा युधिष्ठिर, पुढें नरकांत आपल्या भावंडांचे आवाज ऐकतो तेव्हां स्वर्ग नाकारून तेथेंच राहावयाचें ठरवितो. हिमावर जें त्यानें केलें नाहीं तें अखेर त्याला करावें लागलें. आणि तें केल्यावरच त्याची परीक्षा पुरी झाली.

मैलभर खालीं आल्यावर मित्रांच्या बोटांत कळा येऊं लागल्या. वहिनी म्हणाल्या, "आतां दुखतायत ना? फार चांगलें." रक्त परतत असल्याची ती खूण. थोड्या वेळानें त्यांचा विनोदहि परतला, परंतु मनांतला सल गेला नव्हता. "माझ्यामुळें सगळ्यांचें शिखर गेलें," असें ते दोनदां म्हणाले. आम्ही त्यांस म्हणालों कीं, "चार हजार म्हणजे चार हजार, हें खरें, पण ते चार हजार तूंच आम्हांला चढविलेस. उरलेले अठ्ठ्याण्णव फूट डोंगराजवळ ठेव म्हणून राहूं दे." यावर ते हंसले, आणि आमच्या अठ्ठ्याण्णव या आंकड्यास आधार काय, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां ते पुरते बरे झाले अशी आमची खात्री पटली.

लेखाच्या आरंभीं आम्हीं 'आम्ही' या शब्दाचा अर्थ कंसांत दिला होता. मासिकांतलें हें बहुवचन आदराचें असतें, वहिवाटीचें असतें, कधीं कधीं तर लेखकाच्या संकोचाचें पांघरूण असतें. त्यांत दुसरा मनुष्य नसतो. त्या वाटेवर मात्र हा शब्द कोठें एकवचनी होता व कोठें बहुवचनी, हें आतां लिहितांना आम्हांस ठिकठिकाणीं निश्चित करतां आलें नाहीं. वाचकांनीं संदर्भानें घ्यावें.

रस्ता अर्ध्या मैलावर उरला असतां दोन तरुण वर येतांना भेटले. वाट अरुंद असल्यामुळें आम्ही एका अंगास उभे राहिलों. त्या डोंगरांतील रिवाजाप्रमाणें त्यांनीं आमचे आभार मानले: "वाट फोडल्याबद्दल उपकार झाले." मास्तरांनीं कांहीं न बोलतां आमच्या मित्रांकडे बोट केलें. "माथ्यापर्यंत आहे का?" एकानें विचारलें. मित्रांनीं स्वतःच उत्तर दिलें, "नाहीं. झाडें संपतात तेथपर्यंत आहे. पुढें तुम्हांला फोडावी लागेल. वर वारा फार आहे. कोरडे मोजे आहेत ना?" ते आहेत म्हणाले, आणि आमच्या पावलांवर पावलें ठेवीत वर गेले.